काशीरामची टांगलेली पट्टी

काशीराम दर्यावर जाणाऱ्यांच्या घरातला होता आणि त्याला होडी लागायची. खाडीचं तोंड ओलांडून दोन लाटा आल्या की हा कडेला ओणवा. बाप, चुलते, मोठ्या बहिणीचा नवरा, सगळे मासेमारीवर जगणारे आणि हा एकटा किनाऱ्यावर उभा. वाडीने त्याची यथेच्छ चेष्टा करून घेतली. शेवटी त्याने हातात तासणी घेतली आणि होड्या बांधायला लागला. लोक विचारायचे, स्वतः कधी बसत नाहीस त्या होडीची आम्हाला काय खात्री? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "मी बसनार नाय म्हनूनच ती नीट बांदली पायजे. चूक झाली तर मी बुडनार नाय ना!"

मी रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात शिकवत होतो. कुठल्या वस्तूवर किती भार टाकला तर ती किती वाकेल आणि कधी मोडेल, हा माझा विषय. लोकांना वाटतं की काशीरामला मी शिकवलं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काय घडलं ते जसं घडलं तसं सांगतो, म्हणजे कोणी कोणाला शिकवलं ते आपोआप कळेल.

भाट्याच्या खाडीकाठी त्यांची वाडी. काशीरामची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. दोन घरं सोडून त्याची मोठी बहीण हौसा राहायची. तिला तो बाय म्हणायचा आणि दोन वेळचं तिच्याकडेच जेवायचा. १९७८ साली तो मुंबईला माझगावकडच्या एका कारखान्यात गेला आणि दोन वर्षांनी फायबरच्या होड्या बांधायला शिकून परत आला. साच्यावर काचेच्या तंतूंची चटई पसरायची, ब्रशने तिच्यावर राळेसारखं चिकट रेझीन चोपडायचं, रोलर फिरवून आतले बुडबुडे काढायचे, सुकलं की वर दुसरी चटई. असे थर चढवत गेलं की होडी तयार. लाकूड नको, डांबर नको, किडा लागायची भीती नाही. एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याने पहिली फायबरची होडी बांधली ती हौसाच्या नवऱ्यासाठी, धोंडूसाठी. सव्वीस फुटी, वजनाला हलकी, दिसायला देखणी. "ही खराब व्हायची नाय, आपन आदी होऊ," असं काशीराम वाडीभर सांगत फिरला. हे वाक्य पुढे त्याला फार महागात पडलं.

मेच्या शेवटी सगळ्यांच्या होड्या वर ओढल्या जातात. दोन ओंडक्यांवर होडी बसवायची, वर माडाच्या झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही, ही पद्धत. धोंडूनेही तसंच केलं. फक्त ही होडी हलकी, वाऱ्याने सरकेल अशी त्याला धास्ती. आमच्याकडे एखादी गोष्ट जागची हलू नये असं वाटलं की तिच्यावर जांभ्या दगडाचा चिरा ठेवतात. धोंडूने घरामागे पडलेले वीस चिरे उचलून होडीच्या पोटात नेऊन ठेवले आणि निर्धास्त झाला.

काशीराम रोज येता-जाता होडीच्या बुडाखाली हात घालून बघायचा. पहिल्या दिवशी बूड आणि जमीन यांच्या मध्ये अंगठा वर केलेली मूठ बसत होती. आठ दिवसांनी अंगठा मिटावा लागला. जूनच्या मध्याला मूठ जाईना. तो धोंडूला म्हणाला, "भावजी, चिरे काडा. होडी पोट सोडतेय."

"चिरे काडले तर वारा नेईल तिला," धोंडू म्हणाला. "आनि तूच म्हनलास ना, हिला काय होत नाय?"

काशीरामने घरी येऊन होडीच्या कडेचा कापून उरलेला तुकडा शोधला. त्यातून दोन बोटं रुंदीची लांब पट्टी कापली. ओटीच्या कोपऱ्यात दोन चिऱ्यांच्या सांध्यात तिचं एक टोक पक्कं ठोकून बसवलं आणि दुसऱ्या टोकाला दगड टांगला. पट्टीमागच्या चुन्याच्या भिंतीवर टोकाच्या उंचीला पेन्सिलीने रेघ मारली. मग रोज सकाळी एक रेघ.

पंचवीस दिवसांनी तो माझ्याकडे आला. तोवर माझी त्याची ओळख नव्हती. वर्गाबाहेर छत्री मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, वजन वाडत नाय, तरी वाक वाडतो. असं का?"

मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि छान समजावून सांगितलं. वजन तेवढंच असेल तर वाक तेवढाच राहतो, हे शास्त्र आहे. तुमची रेघ चुकत असणार. फळ्यावर सूत्रसुद्धा लिहून दाखवलं. त्याने ते शांतपणे बघितलं. "शास्त्र बरोबर असंल," तो म्हणाला. "पन पट्टी रोज खाली येते. तुमी येऊन बगा."

मी गेलो तो त्याची चूक दाखवायला. ओटीवरच्या भिंतीवर पंचवीस रेघा होत्या. सुरुवातीच्या लांब लांब, पुढच्या जवळ जवळ, पण एकही रेघ आदल्या दिवशीच्या वर नव्हती. मी विचारलं, रेघ कधी मारता? म्हणाला, "सकाळी, च्याच्या आदी. दुपारी हवा तापली की पट्टी नरम पडते, मग खोटी रेघ येते." हवेचं हे कारण मी विचारायच्या आत त्याने सांगितलं. पदवी घेतलेल्या माणसाच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

मी लोखंड शिकून आलो होतो. लोखंड आपल्याकडच्या साध्या हवेच्या तापमानाला वजनाखाली वाकतं, तेवढ्यावर थांबतं आणि वजन काढलं की सरळ होतं. फायबर तसं वागत नाही. त्यातलं रेझीन भाराखाली हळूहळू सरकत राहतं, महिनोन्‌महिने. काचेचे तंतू ओढ धरून ठेवतात, पण दोन थरांच्या मध्ये तंतू नसतात, नुसतं रेझीन असतं. तिथे थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. हे सगळं मला दोन आठवडे पुस्तकं धुंडाळल्यावर कळलं. या हळूहळू सरकण्याला क्रीप म्हणतात, हेही कळलं. मी धावत जाऊन काशीरामला ते नाव सांगितलं.

"नाव तुमी ठेवा," तो म्हणाला. "होडी सोडू की नको, तेवडं सांगा. पुनव आठ दिवसांवर आली."

मी म्हणालो, अभ्यास करावा लागेल. शिकलेल्या माणसाला नाही म्हणायचं असलं की तो असं म्हणतो.

त्याच्यापुढचा पेच मला तेव्हा पुरता कळलाही नव्हता. होडीवर पाच माणसं जाणार, त्यांत बहिणीचा नवरा. होडी धड नाही असं बोललं की फायबरवरचा लोकांचा विश्वास उडणार आणि त्याच्या हातचं काम जाणार. गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित.

नारळी पौर्णिमेला मी मुद्दाम गेलो. सकाळी हौसाने भावाला राखी बांधली होती, ती त्याच्या मनगटावर होती. धोंडूने चिरे बाहेर काढले तशी होडी डोळ्यांदेखत थोडी वर आली. "बग, आली वर!" धोंडू खूश होऊन ओरडला.

काशीरामने खाली हात घातला. "दोन बोटं आली. तीन राहिली."

मग त्याने खिशातून चार आण्याचं नाणं काढलं आणि होडीच्या बुडावर वाजवायला सुरुवात केली. आधी टणटण, टणटण. मधल्या भागात, ओंडक्याच्या अलीकडे, आवाज बद्द झाला. शहाळं आणि सुका नारळ वाजवून ओळखणारी माणसं ती. आवाजातला फरक सगळ्यांना ऐकू आला. बद्द आवाज जिथवर येत होता तिथवर काशीरामने गेरूने रेघ ओढली. सुपाएवढं वर्तुळ झालं.

धोंडूने सांगून बघितलं. आज नारळापुरती एक फेरी मारू, मग वरून दोन थर चढव. चार जणांनी मान डोलावली. सण होता, भरती होत होती, नारळ सोनेरी कागद लावून तयार होता. मलाही वाटलं, एका फेरीने काय होणार आहे.

काशीराम घरात गेला, करवत घेऊन आला आणि गेरूच्या रेघेवरून होडी कापायला बसला.

हौसा धावत आली. भर सणाला आपल्या घरची होडी सख्खा भाऊ कापतो आहे हे बघून ती जे बोलली ते मी लिहीत नाही. "सकाळी राखी बांदून घेतलीस त्या हाताने?" एवढं मात्र लक्षात राहिलं. काशीराम एक शब्द बोलला नाही. तुकडा निघाला तो त्याने उभा धरून सगळ्यांना दाखवला. आतले थर पापुद्र्यांसारखे सुटले होते, मध्ये बोटाचं नख जात होतं. बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत होता.

त्याचं बरोबर निघालं म्हणून कोणी त्याला खांद्यावर घेतलं नाही. फायबर खराब होतं, खुद्द काशीरामच सांगतो, एवढंच किनाऱ्याने उचललं. ठरलेल्या दोन होड्या रद्द झाल्या. त्याने दारं, खिडक्या, पाळणे करून दोन वर्षं काढली. धोंडू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. हौसाने अबोला धरला. जेवण वाढायची, पण बोलत नसे. भाऊबीजेला ओवाळलं, तेही न बोलता. या सगळ्यातून काशीराम संध्याकाळी धोंडूसाठी नवीन होडी बांधत होता. साचा तोच, पण बुडाला थर दुप्पट आणि आडव्या पाच फासळ्या.

पाच महिन्यांनी, त्र्याऐंशीच्या जानेवारीत, ती पाण्यात गेली. तेव्हा कुठे हौसा भावाशी बोलली, आणि तेही "हिला तरी कापू नको" एवढंच.

त्या होडीच्या थरांतून त्याने नवी पट्टी कापली आणि मला बोलावलं. "मास्तर, आता हिशोब तुमचा. भर दर्यात होडीच्या बुडाला जेवडा ताण, त्याच्या दीडपट हिला पायजे. रोज, रात्रंदिवस. होडीच्या आदी हिला दमवायची हाय."

मला समजायला क्षणभर लागला. होडी कधी थकेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मग होडीच्या रक्तामांसाची एक पट्टी तिच्याहून जास्त राबवायची आणि तिच्यावर डोळा ठेवायचा. मी आठ दिवस आकडेमोड करून वजन काढलं. या गोष्टीत माझं काम तेवढंच. पौष पौर्णिमेला त्याने पहिली रेघ मारली. आता घाई नव्हती, म्हणून दर पौर्णिमेला एक. रेघेशेजारी तारीख. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन ती मापं घरी आणायचो आणि आलेखावर ठिपके द्यायचो.

"ही तुटली की होडी वर," त्याने धोंडूला आणि हौसाला बजावून ठेवलं होतं. "मग कितीपन मासा लागूदे."

हळूहळू कामं परत आली. शहाऐंशीपर्यंत त्याने आणखी चार होड्या बांधल्या. पावसाळ्यात वाडीतल्या फायबरच्या होड्या वाळूच्या पोत्यांवर पोट टेकून बसू लागल्या, आतून रिकाम्या, दोरांनी माडांना बांधलेल्या. चिरे घरामागे परत गेले.

शहाऐंशीच्या मेमध्ये काशीरामला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग इस्पितळ, आणि तोवर उशीर झाला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मी स्मशानात गेलो, घरी आलो, आलेखाचा कागद घडी करून फडताळात ठेवला. शेवटचा ठिपका एप्रिलचा होता. त्याच्या ओटीवर जाऊन पट्टीचं काय झालं ते बघावं असं मला एकदाही सुचलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, माझा तास चालू असताना हौसा दारात आली. दमलेली, काखेत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"मास्तर, पट्टी तुटली."

तिने टेबलावर गाठोडं सोडलं. पट्टीचे दोन तुकडे, टोकाशी पांढरे पडलेले तंतू. शेजारी एक जाडजूड लोखंडी दांडा.

"काल पुनवेची रेघ मारली तेवा धड होती," ती म्हणाली. "आज झाडू मारायला गेले तर दगड खाली."

"आणि हे काय?"

"होडीच्या यंत्राचं हँडल. दुपारच्या भरतीला हे जानार. बांगडा लागलाय, ऐकायचे नाय. हँडल नाय तर यंत्र फिरवतील कशानं? बसलेत घरात शोदत."

मी खडू खाली ठेवला आणि मुलांना काही न सांगता तिच्याबरोबर रिक्षात बसलो.

धोंडू खरोखरच शोधत होता. तांदळाचे डबेसुद्धा अंगणात आले होते. बायकोच्या हातात हँडल बघून तो उसळला. किनाऱ्यावर चौघं खलाशी खोळंबलेत, लोकांच्या होड्या भरून येतायत आणि हिला मेलेल्या भावाची पट्टी सुचते आहे.

हौसा त्याच्यासमोर उभी राहिली. "त्या पुनवेला मी काशीला काय नाय ते बोलले. तो गप ऱ्हायला. आता तुमी मला बोला, मी गप ऱ्हाते. पन आदी होडी वर काडा."

धोंडू माझ्याकडे बघू लागला. मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "काशीरामने सांगितलं होतं," एवढंच म्हणालो.

भरतीला वाडीतल्या माणसांनी होडी वर ओढली. हौसाने भावाच्या घरातून चार आण्याचं नाणं आणलं. ते काशीरामचंच, पट्टीखालच्या कोनाड्यात ठेवलेलं. ती बुडाखाली गुडघ्यांवर बसली आणि वाजवत पुढे सरकत गेली. टणटण, टणटण. चौथ्या फासळीपाशी तिचा हात थांबला. मागे आली, पुन्हा वाजवलं. बद्द. तळहाताएवढी जागा होती.

या वेळी करवत धोंडूनेच आणली. तुकडा काढला तसं थरांमधून पाणी ओघळलं.

ती होडी त्याच दुपारी फुटली असती का, हे मला सगळे विचारतात. मला माहीत नाही. जो छातीठोकपणे सांगेल त्याला आमच्या विषयातलं काही कळत नाही. कदाचित आणखी दोन वर्षं चालली असती. धोंडूने मात्र त्या भोकात हात घातला, आतल्या सुटलेल्या थरांवरून बोटं फिरवली आणि तो तिथेच वाळूत बसला. खलाशी जाळी उतरवायला लागले.

संध्याकाळी मी काशीरामच्या ओटीवर गेलो. भिंतीवर या पट्टीच्या त्र्याहत्तर रेघा होत्या. पहिल्या एक्केचाळीस त्याच्या, आडव्या, सरळ, शेजारी तारखा. पुढच्या बत्तीस जरा तिरक्या. हौसाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तारीख नव्हती. मी बोटांवर पौर्णिमा मोजल्या. माझी सवय. एकही चुकलेली नव्हती.

काशीराम गेला त्याच्या चौथ्या दिवशी पौर्णिमा होती. घरात सुतक, ओटीवर भेटायला आलेली माणसं, चूल बंद. त्या पौर्णिमेचीही रेघ होती. ती बत्तिसांतली पहिली, आणि सगळ्यात वाकडी.

हौसा हातात झाडू घेऊन उभी होती. पट्टीखालचे चुन्याचे कण तिने गोळा केले आणि कोपऱ्यातल्या सांध्यात अडकून राहिलेला तुकडा बोटाने हलवून बघितला.

"होडी दुरुस्त झाली की तिच्यातली नवी पट्टी लावू," ती म्हणाली. "वजन तेवडं सांगा, मास्तर. रेघा मी मारीन."